जुन्या ड्रायरला नव्याचं डोकं बसतं का?

पेशवेकालीन_पाना
१२ जुलै २०२५, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे. आमच्याकडे २००८ साली घेतलेला ड्रायर आहे. कपडे वाळवायचा, केसांचा नव्हे. जुळ्या मुली तान्ह्या होत्या. त्या पावसाळ्यात लंगोट-दुपट्यांसाठी घरभर इतक्या दोऱ्या बांधल्या होत्या की स्वयंपाकघरात वाकूनच शिरावं लागे. मुली यंदा बारावीला आहेत, ड्रायर अजून ठणठणीत आहे.

साडेपाच किलोचा, गरम दमट हवा नळीने बाहेर फेकणारा. बटणं वगैरे काही नाहीत, एकच घुंडी. १२० मिनिटांपर्यंत हवी तेवढी फिरवायची आणि देवावर हवाला ठेवायचा. दुखणं तेच आहे. ६० मिनिटं लावली तर सुती परकराचा पापड होतो आणि जीनचा कंबरपट्टा दमटच राहतो. ८० लावली तर पट्टा वाळतो, पण टी-शर्ट बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर येतो.

आता एका ओळखीच्यांकडून त्याच कंपनीचं २०१७ चं मॉडेल मिळालंय. त्यात ओलावा ओळखणारा सेन्सर आहे, आकड्यांचा डिस्प्ले आहे, ड्रम उलटसुलट फिरतो. म्हणजे फिरत असे. आता जाम आहे, हाताने ढकलला तरी हलत नाही. दोन्ही मशीन शेजारी ठेवली तर सख्खे भाऊ दिसतात: दार तेच, मागचा पत्रा तोच, ड्रमचं मापही तेच.

तर नव्याचा सेन्सर, बोर्ड आणि डिस्प्ले काढून जुन्याला बसवता येईल का? कुणी केलंय का? आमचा नेहमीचा मेकॅनिक दोन्हीकडे बघून "साहेब, नवीन घ्या" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. कंपनीचं नाव विचारू नका, धागा भलतीकडे जाईल.

खवचट_खारीक
१२ जुलै, रात्री १०:५२

पुण्यात ड्रायर? गच्ची नाही का?

पेशवेकालीन_पाना
१२ जुलै, रात्री १०:५५

गच्ची आहे. गच्चीच्या दारावर "येथे कपडे वाळत घालू नयेत, हुकुमावरून" ही पाटीही आहे.

बिबवेवाडीचा_बंब
१२ जुलै, रात्री ११:०८

धड जुनं, डोकं नवं. आपल्याकडे हा प्रयोग यशस्वी झालेला आहे, दर भाद्रपदात दहा दिवस साजरा करतो. बसवा बिनधास्त.

सहकारनगरची_काकू
१३ जुलै, सकाळी ७:१५

अहो, आमच्या ड्रायरचंही असंच झालं होतं, जाम. झाकण उघडल्यावर ब्रेक लागतो ना, त्याची तार तुटली होती. आणि कपडे वर नीट दाबून ती जाळीची चकती ठेवता ना? नाहीतर एखादा मोजा बाजूने खाली जाऊन अडकतो. मेकॅनिकने पाच मिनिटांत काढून दिला होता.

ओली_चादर
१३ जुलै, सकाळी ८:०२

काकू, तुम्ही सेमी ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबाबद्दल बोलताय. आपण सगळे त्याला ड्रायरच म्हणतो, पण तो नुसता गरगर फिरवून पाणी काढतो. पानाकाकांचा ड्रायर वेगळा, तो गरम हवेने कपडे पूर्ण कोरडे करतो. थेट घडी घालून कपाटात.

सहकारनगरची_काकू
१३ जुलै, सकाळी ८:२०

अगंबाई! मग इस्त्रीवाल्याला काय देता?

ओहमचा_भाऊ
१३ जुलै, सकाळी ११:३०

पानासाहेब, भोसरीत पॅनेल वायरिंगमध्ये तीस वर्षं काढली, घरी आणि नात्यात ड्रायर उघडले आहेत. सविस्तर लिहितो.

तुमचं जुनं मशीन विचार करत नाही. घुंडीच्या मागे छोटी मोटर आणि कॅम आहेत, घड्याळासारखे. हवेच्या वाटेत बायमेटल थर्मोस्टॅट असतो. हवा ठरावीक तापली की तो हीटर तोडतो, निवली की जोडतो. काही जुन्या मॉडेलमध्ये "ऑटो" अशी खूण असते, तिच्यामागे फार हुशार युक्ती आहे. टायमरची मोटर फक्त हीटर बंद असतानाच पुढे सरकते. कपडे ओले असतात तोवर हवा तापतच नाही, हीटर चालू राहतो, घुंडी जागची हलत नाही. कपडे वाळत आले की हवा लवकर तापते, हीटर वारंवार तुटतो आणि घुंडी सरकू लागते. ना चिप, ना सेन्सर. तुमच्या घुंडीवर अशी खूण असली तर आधी तीच वापरून बघा.

नव्या मशीनमध्ये बायमेटलच्या जागी एनटीसी असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो आणि बोर्ड तो वाचत राहतं. शिवाय ड्रमच्या तोंडाशी स्टीलच्या दोन पट्ट्या असतात, तोच ओलाव्याचा सेन्सर. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकला की किंचित करंट वाहतो, कोरडा टेकला तर वाहत नाही. बोर्ड हे मोजत बसतं. म्हणजे पट्ट्यांमध्ये स्वतःची अक्कल काही नाही, अक्कल बोर्डात आहे. नुसत्या पट्ट्या काढून जुन्याला लावल्या तर ते दागिने होतील.

म्हणून हलवायचं तर सगळा संच हलवा: बोर्ड, डिस्प्ले, एनटीसी, पट्ट्या, दाराचा स्विच आणि पूर्ण वायरिंग. एकही वायर "हिच्याऐवजी ही चालेल" म्हणून जोडू नका. त्याआधी चार गोष्टी बघा.

हीटर एक कॉइलचा की दोन? नव्या बोर्डावर बहुधा दोन रिले असतील, कमी आणि जास्त आचेसाठी. कॉइलची वॉटेज जुळली पाहिजे.

मोटरच्या पाठीवर सेंट्रिफ्युगल स्विच आहे का? बऱ्याच जुन्या ड्रायरमध्ये हीटरचा करंट त्यातूनच जातो. मोटर फिरत नसेल तर हीटर लागतच नाही. नव्या बोर्डाला मोटर फिरतेय हे कळतं कसं, ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ड्रम थांबलेला आणि हीटर चालू, ही आगीची पहिली पायरी.

ड्रम उलटसुलट फिरवायचा तर मोटर तशी हवी. जुनी बहुतेक एकाच दिशेची असेल.

आणि शेवटचं, यावर वाद नको. हीटरजवळचा थर्मल फ्यूज आणि वरच्या मर्यादेचा थर्मोस्टॅट जिथे आहेत तिथेच, हीटरच्या सिरीजमध्येच राहिले पाहिजेत. फ्यूज उडाला तर का उडाला ते शोधायचं, तार बांधून पुढे चालवायचं नाही. मी असा तार बांधलेला ड्रायर पाहिलाय. आतला प्लॅस्टिकचा पंखा मेणबत्तीसारखा ओघळला होता.

रेघोट्या
१३ जुलै, सकाळी ११:४८

भाऊ, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली. ड्रायर नाही, पण साठवली.

पाचवा_गिअर
१३ जुलै, दुपारी १:१०

आमच्या कॉलेजातल्या एकाने लूनाला मोठ्या मोपेडचं इंजिन बसवलं होतं. बसलं झकास. पहिल्याच दिवशी अलका चौकात कळलं की ब्रेक लूनाचेच आहेत. त्यामुळे भाऊंच्या "संच हलवा" ला जोरदार +१.

मिनेसोटाकर
१३ जुलै, दुपारी ३:४०

अवांतर आहे, पण माझीही कहाणी ऐका. १४ वर्षांनी परत येताना कंटेनरमध्ये तिथला ड्रायर घातला. मित्र म्हणाले, २४० व्होल्टचा आहे, भारतात सरळ चालेल. बाणेरला आणून प्लगची पिन बदलली आणि लावला. मोटरने एक हुंकार दिला आणि धूर.

नंतर समजलं. तिथे घरात १२० च्या दोन तारा आणि मधली न्यूट्रल येते. हीटर दोन तारांमध्ये २४० वर चालतो, पण मोटर आणि टायमर एका तारेवर, म्हणजे १२० वर. आपल्याकडे तशी मधली न्यूट्रल नाहीच. शिवाय हीटर ५४०० वॉटचा. आपल्या २३० वर तो पाचेक हजार वॉट घेतो, म्हणजे २१-२२ अँपिअर. आपला पॉवर प्लग १६ चा.

पाचवा_गिअर
१३ जुलै, दुपारी ३:५१

मोटरपुरता ट्रान्सफॉर्मर लावला असता तर?

ओहमचा_भाऊ
१३ जुलै, दुपारी ४:१५

व्होल्टेज जमलं असतं, फेऱ्या जमल्या नसत्या. मोटर ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. वेग एक षष्ठांश कमी. त्याच शाफ्टवर पंखाही असतो, म्हणजे हवाही कमी. हीटर मात्र जवळपास पूर्ण आचेवर. वरचा थर्मोस्टॅट दिवसभर टकटक करत बसला असता.

मिनेसोटाकर
१३ जुलै, दुपारी ४:२०

टकटक करायला तो राहिलाच नाही. त्या ड्रायरवर आता देवघर आहे. उंची अगदी बरोबर आहे.

निवृत्त_पण_गरम
१३ जुलै, सायंकाळी ६:०५

ड्रायर सुधारण्याआधी वॉशिंग मशीनकडे बघा, असं मी सुचवेन. साधं गणित आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे ०.६३ युनिट. यातून सुटका नाही, बोर्ड जुनं असो की नवं.

५ किलो कपडे घ्या. ८०० फेऱ्यांचा स्पिन असेल तर कपड्यांच्या वजनाच्या साधारण ७० टक्के पाणी आत राहतं, १००० ला ६०, १४०० ला ५० च्या आसपास. म्हणजे ८०० ला साडेतीन किलो पाणी आणि १४०० ला अडीच. एक किलोचा फरक. धरा पाऊण युनिट, कारण ड्रायर काही शंभर टक्के कार्यक्षम नसतो. तेच पाणी स्पिनमध्ये काढायला नगण्य वीज लागते. महिन्याला २० वेळा लावत असाल तर १५ युनिटं वाचली, आणि महावितरणच्या ३०० च्या टप्प्याच्या आसपास घुटमळणाऱ्या घराला १५ युनिटं जाणवतात.

ओली_चादर
१३ जुलै, सायंकाळी ६:३०

काका, म्हणजे काकूंचा सेमी ऑटोमॅटिकचा "ड्रायर" हाच खरा हुशार?

निवृत्त_पण_गरम
१३ जुलै, सायंकाळी ६:३४

पाणी काढण्यापुरता, होय. काकूंची माफी मागा सगळ्यांनी.

सहकारनगरची_काकू
१३ जुलै, सायंकाळी ७:००

बघा! आणि माझा साडेचार हजारांत आला होता.

अ_आ_इंजिनिअर
१३ जुलै, रात्री ९:४५

एवढं काय काढा-बसवा करताय? तपकीर गल्लीतून एक ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) आणि हवेतली आर्द्रता मोजणारा सेन्सर आणा. बाहेर जाणाऱ्या हवेच्या नळीत सेन्सर बसवा. कपडे वाळले की आर्द्रता पडते आणि तापमान चढतं, तेव्हा रिलेने मशीन बंद. फोनवर नोटिफिकेशनही येईल. घुंडी १२० वर ठेवून विसरून जा. खर्च हजाराच्या आत.

ओहमचा_भाऊ
१३ जुलै, रात्री १०:२०

कल्पना चांगली आहे, थट्टा नाही करत. पण दोन गोष्टी. एक, त्या नळीत रुई उडते. सेन्सरवर महिन्याभरात गोधडी तयार होईल आणि तो कायम "दमट" सांगत बसेल. बारीक जाळी लावून तीही दर आठवड्याला साफ करावी लागेल. दोन, एकदम सगळं मशीन तोडू नकोस. आधी हीटर तोड, ड्रम आणि पंखा दहा मिनिटं चालू दे. तापलेले कपडे बंद ड्रममध्ये गठ्ठा होऊन पडू देऊ नयेत. आणि हजार रुपयांत मिळणाऱ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून तो २३०० वॉटचा हीटर रोज तोडेल असं समजू नकोस, कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट तोडणारा दणकट रिले, वापर.

तुळशीबाग_एक्सप्रेस
१३ जुलै, रात्री १०:४८

रुईवरून आठवलं. आमचा ड्रायर बाथरूमच्या खिडकीतून नळी काढून लावलाय. दोन वर्षांत दाराजवळची जाळी मी रोज साफ केली, नळी मात्र एकदाही नाही. गेल्या श्रावणात कपडे दीड-दीड तास वाळेनात आणि करपट वास येऊ लागला. नळी काढली तर आतून फेल्ट टोपी निघाली. अक्षरशः टोपी, नळीच्या आकाराची. नवऱ्याने ती गॅलरीत काडी लावून बघितली (त्यांना असले प्रयोग सुचतात). कापरासारखी पेटली. त्यानंतर ती प्लॅस्टिकची सुरळी नळी टाकून ॲल्युमिनियमची, आखूड आणि सरळ बसवली. आता चाळीस मिनिटांत वाळतात. पानाकाका, तुमचं "८० मिनिटं" सेन्सरअभावी नसेलही. नळी बघितलीत का?

पेशवेकालीन_पाना
१४ जुलै, सकाळी ७:५०

नळी बघितली. बोलण्यासारखं नाही. रुईचा एक गोळासुद्धा सापडला, २०११ चा, रबर बँड गुंडाळलेला. (तारीख कशी कळली? मुलीचा नर्सरीचा बिल्ला अडकला होता.) नळी साफ केल्यावर काल ६० चं काम ४५ मिनिटांत झालं. तुळशीबागताई, धन्यवाद.

पण आता मशीन उघडलंच आहे, तर हात शिवशिवतात. भाऊ, मोजमापं अशी: दोन्हीच्या बेल्टवर १९३० एच ७ छापलंय. हीटर दोन्हीकडे दोन कॉइलचा, ओहममध्ये जवळपास सारखा. नव्याचा एनटीसी खोलीत साडेनऊ किलोओहम दाखवतो, बायकोचा हेअर ड्रायर धरला की भराभर खाली येतो. जुन्या मोटरला स्विच आहे, नव्या मोटरलाही आहे. नव्या मोटरचा कपॅसिटर मोठा आहे.

पाचवा_गिअर
१४ जुलै, सकाळी ८:१४

१९३० एच ७ म्हणजे काय?

ओहमचा_भाऊ
१४ जुलै, सकाळी ८:४०

१९३० मिलिमीटर लांबी, ७ खाचा, मधलं अक्षर खाचेच्या मापाचं. जाता जाता: मेकॅनिक "कंडेन्सर गेला" म्हणाला तर तो मोटरच्या कपॅसिटरबद्दल बोलतोय. कंडेन्सर ड्रायर ही वेगळीच जात आहे, तो हवा बाहेर न टाकता पाणी डब्यात साठवतो. या गोंधळापायी एकाने कंपनीकडून भलताच महागडा भाग मागवला होता.

शेगडी_आणि_मी
१४ जुलै, सकाळी १०:०५

तुमचं सगळं वाचून गंमत वाटते. माझं बाळंतपण १९७४ साली ऑगस्टमध्ये, सदाशिव पेठेतल्या वाड्यात. आई शेगडीत निखारे करून वर बांबूची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर लंगोट पसरायची. निखाऱ्यावर चिमूटभर ओवा आणि बाळंतशेपा. कपडे दहा मिनिटांत वाळत, वर बाळाला धुरी मिळे. कधी किती ठेवायचं हे तिला हाताने कळायचं. टोपलीवर हात ठेवायची, दमट वाफ लागली तर थांबायची, कोरडी ऊब लागली की कपडा उचलायची.

मोठ्या माणसांचे कपडे आढ्याखालच्या बांबूवर, काठीने. सासूबाईंचं सोवळं वेगळ्या बांबूवर. त्याला काठीसुद्धा वेगळी.

निवृत्त_पण_गरम
१४ जुलै, सकाळी १०:३०

आजी, बाहेर येणाऱ्या हवेची आर्द्रता मोजून वाळवण थांबवणं, हेच वरचा मुलगा ईएसपी३२ ने करायला निघालाय.

अ_आ_इंजिनिअर
१४ जुलै, सकाळी १०:३३

आजींच्या आईला नोटिफिकेशन येत नव्हतं पण.

शेगडी_आणि_मी
१४ जुलै, सकाळी ११:००

यायचं. करपल्याचा वास यायचा.

ओहमचा_भाऊ
१४ जुलै, दुपारी २:१०

पानासाहेब, एक प्रश्न पहिल्या दिवसापासून डोक्यात आहे. २०१७ चं, सेन्सरचं मशीन तुम्हाला कुणी दिलं कसं? आणि ड्रम जाम का आहे? बेल्ट तुटला तर ड्रम सैल फिरतो. जाम व्हायला बेअरिंग नाहीतर मोटर धरावी लागते. आठ वर्षांच्या मशीनमध्ये ते सहसा होत नाही.

पेशवेकालीन_पाना
१४ जुलै, रात्री ९:३०

सांगायचं राहिलं नव्हतं, टाळत होतो. मशीन सिंहगड रोडच्या एका तळमजल्याच्या घरातलं आहे. गेल्या वर्षी २५ जुलैला खडकवासल्याचं पाणी सुटलं आणि एकतानगरीकडे घराघरांत शिरलं, तेव्हा यांच्याकडेही गुडघ्याच्या वर पाणी होतं. ड्रायर निम्म्यापर्यंत बुडाला. त्यांनी नंतर धुऊन-पुसून गॅलरीत ठेवला, पण चालू करायची हिंमत केली नाही. वर्षभर तसाच होता.

खवचट_खारीक
१४ जुलै, रात्री ९:३५

म्हणजे मुठेत स्नान केलेल्याचं डोकं तुम्ही काढून घेणार होता.

ओहमचा_भाऊ
१४ जुलै, रात्री १०:१५

आता चित्र स्पष्ट झालं. आणि तुम्ही उलट्या दिशेने निघाला आहात असं मला वाटतं.

बघा, बोर्ड आणि डिस्प्ले कुठे आहेत? वर, पॅनेलच्या मागे. पाणी निम्म्यापर्यंत होतं, म्हणजे डोकं कोरडं राहिलंय. बुडाली ती मोटर आणि खालचे रोलर. मोटरच्या बेअरिंगमध्ये गाळ जाऊन गंज चढलाय, म्हणून ड्रम जाम. बेल्ट ताणलेला असतो, त्यामुळे मोटर अडकली की ड्रमही जड होतो.

एवढंच असेल तर निरोगी डोकं काढून जुन्या धडावर का शिवायचं? बोर्ड, वायरिंग, दार, पट्ट्या, एनटीसी सगळं आपापल्या जागी आहे, कंपनीने जोडलेलं. बिघडलेत फक्त खालचे अवयव. ते जुन्यातून घ्या. जुन्याचे रोलर, बेल्ट, फेल्टचा पट्टा चांगले आहेत आणि मापं तीच आहेत, हे तुम्हीच मोजलंत. मोटर मात्र जुन्याची घालू नका, ती एकाच दिशेची आहे. नव्याचीच काढून वायंडिंगवाल्याकडे न्या. बेअरिंग बदलणं हे त्याचं रोजचं काम.

त्याच्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने वायंडिंग आणि बॉडीमधला रोध तपासून घ्या. एक मेगाओहमच्या वर हवाच, खरं तर बराच वर हवा. कमी आला तर मोटर ओव्हनमध्ये सुकवून परत मोजतात. बुडालेले सगळे कनेक्टर बदला. गाळाचं पाणी सुकतं, आतले क्षार सुकत नाहीत, दमट हवेत तेच करंट वाहतात. हीटरच्या पेटीत गाळ आहे का बघा. आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), तुम्ही समोर बसून.

पाचवा_गिअर
१४ जुलै, रात्री १०:२२

म्हणजे लूनाला मोठं इंजिन नव्हे, मोठ्या गाडीला लूनाची चाकं?

ओहमचा_भाऊ
१४ जुलै, रात्री १०:२५

चाकं सारखी असतील तर काय बिघडलं!

पेशवेकालीन_पाना
१४ जुलै, रात्री ११:०५

मुद्दा पटतोय, पण वाईटही वाटतंय. मला जुना वाचवायचा होता. मुलींनी त्याच्या दारावर चिकटवलेली स्टिकरं अजून आहेत.

ओली_चादर
१४ जुलै, रात्री ११:०९

काका, दार सारखं आहे म्हणालात ना?

पेशवेकालीन_पाना
२७ जुलै, दुपारी १२:२०

अपडेट. मोटर शनिवार पेठेतल्या वायंडिंगवाल्याकडे दिली. दोन्ही बेअरिंग धरली होती, एकाच्या गोळ्या गंजून एक झाल्या होत्या. नवी ६२०२ ची जोडी, साफसफाई, वार्निश आणि मेगर, सगळे मिळून ९५० रुपये. पहिल्यांदा मेगरने अर्धा मेगाओहम दाखवला, भट्टीत रात्रभर ठेवल्यावर वीसच्या वर गेला. खालचे तीन कनेक्टर हिरवे पडले होते, तपकीर गल्लीत मिळाले. रोलर आणि फेल्ट जुन्याचे. बेल्ट जुन्याचा लावला होता, पण उभी चीर दिसली म्हणून तो नवा घेतला. दार जुन्याचं, स्टिकरांसकट.

परवा रात्री आरसीसीबीवर लावला, शेजारी बादलीभर वाळू घेऊन बसलो. ट्रिप झाला नाही. ड्रम पंधरा-वीस मिनिटं एका दिशेने, मग थांबून उलटा. चादरींचा गोळा होत नाही, ही एकच गोष्ट सगळ्या खटपटीच्या मोलाची आहे. परकराचा पापड होत नाही. मीटर लावून बघितलं, भरलेल्या ड्रमला २.४ युनिटं.

फक्त एक प्रश्न आहे. सेन्सर "झालं" म्हणून शिटी वाजवतो तेव्हा जीनचा कंबरपट्टा दमटच असतो.

तुळशीबाग_एक्सप्रेस
२७ जुलै, दुपारी १२:३१

हाहाहा! म्हणजे जिथून निघालो तिथेच!

ओहमचा_भाऊ
२७ जुलै, दुपारी १:१०

स्टीलच्या पट्ट्या व्हिनेगरने पुसल्यात का? कपडे मऊ करणारं द्रव वापरत असाल तर पट्ट्यांवर त्याचा थर बसतो आणि सेन्सरला सगळंच कोरडं वाटतं. वर्षभर गॅलरीतली धूळही आहे. दुसरं, तुमच्याकडे पालिकेचं पाणी की टँकरचं? धरणाचं पाणी मऊ, त्यात क्षार कमी, करंट कमी वाहतो, म्हणून सेन्सर थोडा आधीच थांबतो. बोअरचं पाणी असेल तर उलटं. सेटिंगमध्ये "जास्त कोरडे" निवडा.

पण जीनचं दुखणं निराळं आहे. पट्ट्यांना पाय टेकतात, कंबर टेकत नाही. चार पदरी कापड आत दमट आणि बाहेरून कोरडं. उलटी करून घाला, चेन आणि बटण लावून.

पेशवेकालीन_पाना
२७ जुलै, सायंकाळी ७:४५

पट्ट्या पुसल्या, फडकं काळं झालं. जीन उलटी घातली. बरीच सुधारणा, पण चिमूटभर दमटपणा उरतोच. म्हणून शेवटी "वेळ" वर टाकून २० मिनिटं जास्तीची देतो.

खवचट_खारीक
२७ जुलै, सायंकाळी ७:४८

म्हणजे घुंडीच.

पेशवेकालीन_पाना
२७ जुलै, सायंकाळी ७:५०

बटण आहे. पण हो, घुंडीच.

सहकारनगरची_काकू
२८ जुलै, सकाळी ७:०५

जुन्याचा ड्रम टाकलात का? टाकला नसेल तर मला द्या. भोकांचा आहे ना, गच्चीवर खतासाठी हवाय. मुलगा रविवारी स्कूटरवरून नेईल.

ओली_चादर
२८ जुलै, सकाळी ७:४०

काकू, साडेपाच किलोचा ड्रम आहे, स्कूटरवर मावेल का?

सहकारनगरची_काकू
२८ जुलै, सकाळी ७:५२

साडेपाच किलो तर आहे, गव्हाचं पोतं पन्नासचं आणतो तो.